एम१ एअर आणि दोन मॉनिटर: हब बदलून उपयोग नाही

अ‍ॅपलच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर, दोन एचडीएमआयवाला टाइप-सी हब, दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र आणि सर्व्हिसवाले म्हणतायत केबल बदला. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, मी याच चक्रात अडकलो होतो. सेटिंग्ज, रीस्टार्ट वगैरे तुम्ही केलंच असेल.

केबल बदलू नका, हबही नको. तोच हब कुणाच्या तरी विंडोज लॅपटॉपला लावून बघा (त्याच्या टाइप-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर पडत असला पाहिजे). तिथे दोन वेगळी चित्रं आली तर हब धडधाकट आहे. असे हब एमएसटी पद्धतीने एकाच डिस्प्लेपोर्ट सिग्नलवर दोन मॉनिटर चालवतात. विंडोजला ते जमतं. मॅकओएस दोन्हीकडे तेच चित्र पाठवतं. शिवाय एम१ एअर मुळातच बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो, म्हणून दोन पोर्टना दोन अ‍ॅडॉप्टर लावूनही भागत नाही.

हे तेव्हाच्या ऑफिसच्या हेल्पडेस्कला पटवण्यात माझा सगळा जीव गेला. विंडोजवरचा फोटो जोडला, तरी उत्तर एकच: "हब बदलून दिला आहे", तिकीट बंद. आणि नवा हबही त्याच जातीचा! शेवटी पदरमोड करून डिस्प्लेलिंकचा अ‍ॅडॉप्टर (एकाच मॉनिटरची मर्यादा सॉफ्टवेअरच्या मदतीने टाळणारा) आणला, तर त्याचं सॉफ्टवेअर टाकायला अ‍ॅडमिनची परवानगी हवी. त्यात ते मॅकवर 'स्क्रीन रेकॉर्डिंग'ची मुभा मागतं. एवढे दोन शब्द बघून अर्ज नामंजूर. अहो, ते सॉफ्टवेअर स्क्रीनवरचं चित्र उचलून, कॉम्प्रेस करून यूएसबीवरून मॉनिटरला पाठवतं, म्हणून ती मुभा लागते! नाही म्हणण्याआधी निदान उत्पादकाचं माहितीपत्रक तरी वाचावं. दुसऱ्याचं रोजचं काम अडवून ठेवायचं आणि कारणही समजून घ्यायचं नाही, याचा मला आजही राग येतो.

तेव्हा लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आधी परवानगी लेखी घ्या, मग खरेदी. खोक्यावर 'ड्युअल एचडीएमआय' लिहिलंय म्हणून घेऊ नका, 'डिस्प्लेलिंक' हा शब्द शोधा. मुख्य मॉनिटर थेट जोडा, दुसराच डिस्प्लेलिंकवर ठेवा. एक्सेल, मेल, कोड यांना छान चालतं. व्हिडिओ एडिटिंगसाठी मी तरी सुचवणार नाही, प्रोसेसरवर भार येतो. नेटफ्लिक्ससारखे संरक्षित व्हिडिओही काळे दिसू शकतात. मॉनिटर ४के असेल तर हब ६० हर्ट्झ देतो का तेही बघा. ३० वर माउस अडखळत सरकतो आणि डोळे शिणतात.

हे सगळं एम१ एअरबद्दल, इतर मॉडेलना जसंच्या तसं लावू नका. एम३ एअर झाकण मिटून बाहेरचे दोन मॉनिटर चालवतो, एम४ एअर झाकण उघडं ठेवूनही. तुमच्या हबचा मॉडेल नंबर टाकलात तर तो एमएसटीचा आहे का, बघून सांगतो.