मुलासमोर आजोबांचा विषय काढू की नको?

"मॅडम, मुलासमोर बाबांचं नाव काढायचं की नाही?" हा प्रश्न मला समुपदेशनाच्या कामात सतत विचारला जातो, पितृपक्षाच्या सुमारास तर हमखास. घरातलं मोठं माणूस जातं, तेरावा होतो, पाहुणे पांगतात आणि न बोलताच ठरून जातं, की आता विषय नको, पोर हळवं होईल. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एक अनुभव सांगते.

चाळिशीचे एक गृहस्थ आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखायचं. तपासण्यांत काही निघालं नव्हतं. आजोबा जाऊन काही महिने झाले होते, पण "त्याचा काही संबंध नाही," असं वडिलांचं म्हणणं. "तो एकदाही रडला नाही, मॅडम. आम्ही फार जपलं त्याला. बाबांच्या वस्तू माळ्यावर टाकल्या, फोटोसुद्धा लावला नाही अजून."

आजोबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर रोज दुपारी खुर्च्या एकामागे एक लावून आजोबा-नातू बस काढायचे. आजोबांच्या हातात तिकिटाचा जुना चिमटा. रद्दी कागदाच्या तिकिटाला भोक पाडायच्या आधी तो दोनदा रिकामा वाजवायचा, खटक खटक, मग डबल बेल, की गाडी सुटली! स्वारगेट, कात्रज, शिरवळ, खंडाळा, भुईंज, सातारा. हे सगळं मला मुलाने सांगितलं, तेही एका दमात.

"पप्पांशी बोलतोस का रे हे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "आजोबांचं नाव घेतलं की पप्पा बाथरूममध्ये जातात आणि नळ सोडतात."

त्याला विचारूनच मी हे वडिलांना सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस तोच मला सांभाळत होता?" तरीही पुढच्या भेटीत अडलं ते तिथेच: "मी त्याच्यासमोर रडलो तर तो खचेल."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे... खचणारच ना."

"तुमचे आजोबा गेले तेव्हा तुम्ही केवढे होता?"

"नऊ-दहा वर्षांचा."

"बाबा रडले होते?"

"हो. ओटीवर बसून, मोठ्याने."

"मग तुम्ही काय केलंत?"

ते थांबले. "त्यांच्या शेजारी जाऊन बसलो." आणि मग माझ्यासमोर पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. १९५५ च्या सुमारास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली ही पद्धत दुःख पुसायला सांगत नाही. दुःख होणं रास्तच आहे. माणसाला अडवते ती त्यावर चढलेली सक्ती, 'मी खंबीर राहिलंच पाहिजे' ही. ती उपदेशाने सुटत नाही. ती खोटी ठरवणारा पुरावा माणसाच्या स्वतःच्याच आयुष्यात असतो, तो नेमका शोधून त्याच्या हातात देणं हे माझं काम, आणि त्या दिवशी ते साधलं याचं मला आजही समाधान आहे.

गेलेल्या माणसातून मन सोडवून घ्यायला हवं, असा विचार मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९१७ साली मांडला होता. पण १९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी गेली, आणि १९२९ साली मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनीच कबूल केलं, की ती जागा भरून निघत नाही आणि ते तसंच असायला हवं. आठवण काढत राहिल्याने माणूस मागे अडकतो, हे मला माझ्या कामात तरी दिसलेलं नाही. लपवून ठेवल्याने अडकलेले मात्र खूप पाहिले.

तेव्हा बोला. मुलांना 'आजोबा झोपलेत', 'गावाला गेलेत' असं सांगू नका. लहान मुलं मग झोपायला घाबरतात, किंवा वाट बघत बसतात. 'आजोबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत' एवढं सरळ सांगा, आणि तोच प्रश्न पुन्हा आला तर न चिडता तेच उत्तर द्या. रडू आलं तर 'मला बाबांची आठवण आली' म्हणा, म्हणजे ते आपल्यामुळे झालं असं मुलाला वाटत नाही. आजोबांना देव करू नका. त्यांचं चिडणं, साखर चोरून खाणं, हेही निघू द्या. सर्वपित्रीला पानावर त्यांच्या आवडीचं काय वाढायचं, ते एकदा नातवंडांना ठरवू द्या. आणि तिथीची वाट कशाला बघायची? एखाद्या मंगळवारी जेवताना विषय निघाला तरी चालतो.

त्या घरात चिमटा माळ्यावरून खाली आला. पोटदुखी लगेच गेली नाही, दोनेक महिने कमी-कमी होत गेली. मधल्या काळात वडील दोन-तीनदा मुलासमोर रडले. मुलगा शेजारी जाऊन बसला.

माणूस गेल्याला मोठ्यांच्या बाबतीत वर्ष उलटून गेलं, मुलांच्या बाबतीत सहा महिने झाले, तरी दुःखाची धार तशीच असेल, जवळजवळ रोज काम, शाळा, झोप अडत असेल, तर मात्र तज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येतं.