कर्ज ५० लाखांचं, रबर ९० मिलिमीटरचं

प्रश्न : सर, नमस्कार. मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीवाल्यांची कास्टिंग्ज आमच्याकडे मशीनिंगला येतात. वय ४७. नऊ वर्षांपूर्वी घेतलेली डिझेल सेडान आहे, दीड लाख किलोमीटर झालीय, अजून कुरकुर नाही. पण गेल्या दिवाळीत पुण्यात मित्राची बीएमडब्ल्यू एम ३४० आय चालवली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. घ्यायची तर नवीच. कोटेशन आलंय : एक्स-शोरूम ७५ लाख, ऑन-रोड ८८. हातात ३८ आहेत, ५० चं कर्ज द्यायला बँक तयार आहे. शोरूमवाले जुनी गाडी एक्स्चेंजला मागतात. आमचे सीए म्हणतात, कंपनीच्या नावावर घ्या. घरात आई (७४), बायको आणि बारावीतला मुलगा. घेऊ का?

याच पाकिटात वहीच्या पानावर आणखी एक चिठ्ठी होती : "सर, हे पत्र ह्यांना दाखवूनच पाठवतेय. गाडीला माझा विरोध नाही. पण सासूबाईंचे गुडघे गेलेत, खाली वाकून बसायला त्यांना जमत नाही. आणि ॲक्सिलरेटरवर ह्यांचा पाय जड आहे, हे त्यांनी लिहिलं नसेल म्हणून मी लिहिते."

उत्तर : आधी गाडीबद्दल बोलतो, कारण तुमच्या आवडीत काही चूक आहे असं मला वाटत नाही. मी २६ वर्षं गाड्यांच्या सस्पेन्शनच्या चाचण्या घेतल्या. त्या काळात शेकडो इंजिनं ऐकली, त्यातली मोजकीच लक्षात राहिली. तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं हे पेट्रोल इंजिन त्यांपैकी एक. अशा रचनेत पिस्टन एकमेकांचे धक्के आपसातच खोडून काढतात, धक्के शमवायला वेगळा बॅलन्स शाफ्ट लागत नाही. तुम्ही मशीनवाले आहात, लेथचा नीट बॅलन्स केलेला चक पूर्ण वेगात फिरताना हाताला काय जाणवतं ते तुम्हाला माहीत आहे. वर ३७४ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर टॉर्क आणि चारही चाकांना ताकद. शंभरचा वेग साडेचार सेकंदांच्या आसपास. मर्सिडीजच्या एएमजी सी ६३ मध्ये पूर्वी आठ सिलिंडरचं व्ही ८ इंजिन असायचं, पुढच्या पिढीत दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि विजेची मोटर आली. आकडे मोठे झाले, ६८० हॉर्सपॉवर झाली, पण तो आवाज गेला. मोठी साधी पेट्रोल इंजिनं एकेक करून चालली आहेत. म्हणून एखाद्याला असं इंजिन आयुष्यात एकदा स्वतःकडे हवं वाटलं, तर त्याला मी चैन म्हणून झिडकारणार नाही.

आता तुमचं कोटेशन. ८८ आणि ७५ मधल्या १३ लाखांत मोठा वाटा आरटीओचा आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, म्हणजे पावणेदहा लाख. ते परत येत नाहीत. एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा केलेला आयकर, लावला असेल, तर तो मात्र तुमच्या आयकरात वळता होतो. तो वेगळा दाखवला आहे का बघा. ५० लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी धरलं, तर हप्ता १ लाख ३ हजार ८०० च्या जवळ बसतो आणि व्याजच सव्वाबारा लाखांच्या वर जातं. पाच वर्षांनी विमा कंपनी गाडीची किंमत मूळच्या निम्मी धरते, म्हणजे साडेसदतीस लाख. बाजारात याहून कमीही येऊ शकतात. ८८ अधिक व्याज, वजा हे साडेसदतीस : जवळजवळ ६३ लाख. महिन्याला लाखाच्या वर, आणि यात पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग, पुढच्या वर्षांचे विमे काहीच धरलेलं नाही. वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि लिटरला साडेआठचं ॲव्हरेज धरलं, तर पेट्रोलच दीड लाखाच्या घरात जातं.

हे आकडे तुम्हाला झेपणार नाहीत असं मी म्हणत नाही. तुम्हाला त्याचा अंदाज माझ्यापेक्षा चांगला आहे. माझी काळजी वेगळी आहे. तुमचा धंदा जॉबवर्कचा आहे. फाउंड्रीला ऑर्डर कमी झाल्या की तुमच्या मशीनचा स्पिंडल त्याच आठवड्यात थांबतो, आणि झालेल्या कामाचे पैसे ९०-९० दिवसांनी येतात. अशा धंद्यात हातातले ३८ लाख हे खेळतं भांडवल असतं, तिजोरीत निवांत पडलेली शिल्लक नसते. ते सगळे उचलून गाडीत घातले आणि वर महिन्याला लाखाचा हप्ता लावून घेतला, तर पहिल्याच मंदीत कामगारांचा पगार आणि बँकेचा हप्ता एका तारखेला समोर उभे राहतील. त्या दिवशी दारातली ही सुंदर गाडी तुम्हाला बघवणार नाही. गाडीवर जीव असलेल्या माणसावर ती वेळ येऊ नये.

सीएंच्या सल्ल्याबद्दल. कंपनीच्या नावावर घसारा मिळतो, वर्षाला १५ टक्के, तेवढं खरं. पण स्वतःच्या वापराच्या गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेस जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी झाला. आधीपेक्षा तो कमी असला तरी तो सगळा तुमच्याच खिशातून जाणार. आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर रोड टॅक्सचा दर १३ ऐवजी २० टक्के आहे. ७५ लाखांवर हा फरक सव्वापाच लाखांचा होतो. घसाऱ्यातून वाचणारा कर आणि हे सव्वापाच लाख एका कागदावर समोरासमोर मांडून द्या, असं सीएंना सांगा.

आता ज्या गोष्टीवर मी आयुष्य घालवलं, तिच्याकडे येतो. गाडीच्या टायरवर २२५/४० असं काही लिहिलेलं असेल. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्केवारी : रुंदीच्या ४० टक्के उंचीची बाजूची भिंत. म्हणजे ९० मिलिमीटर. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये एवढंच रबर. साध्या २०५/६५ च्या टायरला हीच भिंत १३३ मिलिमीटरची असते. त्यातून टायर रन-फ्लॅट असेल, तर पंक्चर झाल्यावरही ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, पण त्यासाठी भिंत कडक केलेली असते, आणि तो कडकपणा रोज कमरेला कळतो. स्टेपनी नसते. भिंतच फाटली, तर रन-फ्लॅटचाही उपयोग नाही.

माझ्याकडे काही वर्षं अशीच एक जर्मन सेडान होती. जुलैच्या रात्री, एका घाटाच्या पायथ्याशी, पाण्याने भरलेला खड्डा मला दिसला नाही. पुढच्या डाव्या टायरची भिंत टिचली, रिम वाकली. आई मागे बसली होती. क्रेन यायला चार तास लागले, आणि त्या मापाचा टायर मिळायला नऊ दिवस. चारही चाकं चालवणाऱ्या गाडीत एकच नवा टायर टाकून भागत नाही. झिजलेल्या आणि नव्या टायरच्या घेरातला फरक पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर ताण आणतो, म्हणून चारही बदलावे लागले. पैशांचं मला तेवढं वाटलं नाही. पावसात चार तास बसलेल्या आईचा चेहरा मात्र अजून आठवतो.

तुम्ही सातारा ते कागल रस्त्याने पुण्याला ये-जा करत असाल. सहापदरीकरणाची ती डायव्हर्जन्स मी सांगायला नकोत. म्हणून शोरूमवाल्यांना सांगा, टेस्ट ड्राइव्ह त्यांच्या ठरलेल्या रस्त्यावर नको, गाडी कोल्हापुरात आणा. शिरोलीतल्या तुमच्या गेटच्या उतारावर, घराजवळच्या गतिरोधकावर, चार माणसं बसवून न्या. खाली घासली, तर रोज घासणार.

पेट्रोलचंही विचारून घ्या. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, तुमच्याच जिल्ह्यातल्या उसापासूनचंही त्यात असेल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं. अशा टर्बो इंजिनाला इथेनॉलने ऑक्टेन वाढल्याचा फायदाच होतो. पण पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर आणि मॅन्युअल वाचा, सेल्समनच्या शब्दावर जाऊ नका.

तर माझं मत. ५० लाखांचं कर्ज काढून ही गाडी नवी घेऊ नका. कर्ज २० लाखांच्या आत राहील त्या दिवशी घ्या. त्याचा हप्ता साडेएकेचाळीस हजारांच्या आसपास येतो आणि तो मंदीतही भरता येईल. तोवर थांबवत नसेल, तर दोन-तीन वर्षं वापरलेली एम ३४० आय शोधा. ही पिढी मुळात २०१८ सालची आहे. नवी आली की जुनीची किंमत अजून उतरेल. तो फटका पहिल्या मालकाला बसू द्या, इंजिन तेच मिळतं. फक्त एक तपासा. या इंजिनाची ताकद सॉफ्टवेअर बदलून वाढवायचा नाद अनेकांना असतो, ज्याला रीमॅप म्हणतात, आणि विकायच्या आधी ते पुसून टाकतात. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी लावून इंजिनाचं प्रोग्रॅमिंग कितीदा झालंय ते पाहायला सांगा. टायरच्या भिंतीवरचा चार आकडी कोड बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चारही चाकं वर उचलून फिरवा, वाकलेली रिम डोळ्याला दिसते. वॉरंटी तुमच्या नावावर होते का, हे लेखी घ्या.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. तुमच्या चिठ्ठीतल्या दोन्ही गोष्टी माझ्या मते पत्रातल्या गाडीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

सासूबाईंसाठी माझं एकच म्हणणं : जुनी डिझेल गाडी एक्स्चेंजला देऊ नका. दीड लाख किलोमीटर म्हणजे नीट सांभाळलेल्या डिझेलला म्हातारपण नव्हे. दवाखान्याला, लग्नाकार्याला, अंबाबाईच्या दर्शनाला त्या तिच्यातूनच जातील. त्यांना त्या सीटची सवय आहे. घरात एकच गाडी ठेवायची झाली, तर विचार पूर्ण बदलतो. तेव्हा बीएमडब्ल्यूचीच लांब व्हीलबेसची ३३० एलआय बघा. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११० मिलिमीटर जास्त, म्हणून मागे जागा जास्त, २५८ हॉर्सपॉवर, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती आली तेव्हा किंमत ६२ लाख ६० हजार होती. जड पायालाही ती कमी पडणार नाही. पण टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना न्याच. त्यांना दोनदा बसवा, दोनदा उतरवा. त्यांनी दाराला धरून उठायचा प्रयत्न केला, तर उत्तर मिळालं.

जड पायाचं तुमच्या ह्यांनाच सांगतो. ताशी १०० ला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, १४० ला ३९. ब्रेक दाबायचं मनात येईपर्यंत तेवढी गेलेली असते. पुढे थांबायला लागणारं अंतर १४० ला जवळजवळ दुप्पट होतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. हे गाडी किती चांगली आहे यावर ठरत नाही. वेग अनुभवायचाच असेल, तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरच्या करी ट्रॅकवर प्रशिक्षणाचे दिवस असतात का याची चौकशी करा आणि एक दिवस शिकून या. गाडीच्या किमतीत तो खर्च धराच.

आणि मुलगा. तो बारावीत आहे, अजून १८ झाला नसेल. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव आलिशान गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि गाडी चालवल्याचा आरोप १७ वर्षांच्या मुलावर आहे. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर कायद्याने पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, पण मी कायद्यासाठी हे सांगत नाही. लायसन्स मिळाल्यावरही पहिली दोन वर्षं त्याला डिझेलच द्या. नव्या गाडीची दुसरी किल्ली घरातल्या कपाटात, तुमच्या ताब्यात राहू दे.

प्रश्न : मी नागपूरला डॉक्टर आहे. महिन्यातून दोनदा समृद्धीने छत्रपती संभाजीनगरला जातो. बीएमडब्ल्यू एम ५ मनात आहे, पैशांची अडचण नाही. राहायला फ्लॅट, पार्किंग सोसायटीचं. घ्यावी का?

उत्तर : डॉक्टरसाहेब, ही गाडी नोव्हेंबर २०२४ मध्ये १ कोटी ९९ लाखांना आपल्याकडे आली. ७२७ हॉर्सपॉवर, १००० न्यूटन मीटर, आणि वजन २४०० किलोच्या वर, कारण व्ही ८ इंजिनासोबत मोटर आणि मोठी बॅटरी आहे. रोज घर ते हॉस्पिटल विजेवर जाता आलं, तरच त्या बॅटरीचं वजन वाहण्यात अर्थ आहे. घरी चार्जिंग नसेल, तर सगळा प्रवास पेट्रोलवर आणि बॅटरी नुसती ओझं.

समृद्धीवर वेगमर्यादा १२० आहे. तिथे मला काळजी वेगाइतकीच टायरची वाटते : काँक्रीटचा तापलेला सरळ रस्ता, नागपूरचा उन्हाळा, एवढं वजन. हवा टायर थंड असताना तपासा, दारावरच्या तक्त्यातल्या आकड्याप्रमाणे भरा. दर दीड तासाने दहा मिनिटं थांबा. ते टायरइतकंच तुमच्यासाठीही आहे. रात्रीच्या इमर्जन्सीनंतर सरळ रस्त्यावर डोळा कसा लागतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

सोसायटीकडून चार्जर बसवायची परवानगी लेखी आणा. वायरमनला बोलावून मीटरपासून तुमच्या जागेपर्यंतचं अंतर मोजून घ्या. परवानगी मिळाली तर बुकिंग करा. नाही मिळाली, तर ही गाडी नको.