सीडीवरची कोरी जागा

प्रश्न : माझ्याकडील जुन्या नाट्यगीतांची सीडी चाळीस मिनिटांतच संपते. सीडीवर ७४ मिनिटे मावतात असे वाचले आहे. मग उरलेली जागा वाया गेली, असे समजायचे का?

उत्तर : होय, आणि आपल्याला वाटते त्याहून अधिक. सीडी आतून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते. त्यामुळे ती उलटी करून उजेडात तिरपी धरलीत, तर ध्वनिमुद्रण संपते तिथे चकाकी बदललेली दिसेल. त्यापलीकडचा पट्टा कोरा आहे.

भरलेल्या भागातही काटकसर नाही. आवाजाच्या डाव्या-उजव्या प्रत्येक मार्गासाठी (चॅनेलसाठी) सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे त्या त्या क्षणीच्या आवाजाची मोजमापे, प्रत्येकी १६ बिटांचे, साठवले जातात. तान चाललेली असो वा गायक श्वास घ्यायला थांबलेला असो, मिनिटाला सुमारे १०.६ एमबी जागा लागतेच. शिवाय ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्यांवरील गाणी मोनो, म्हणजे एकाच मार्गाची, असली, तरी सीडीवर दोन्ही मार्ग भरावेच लागत असल्याने तोच आवाज दोनदा लिहिला जातो. मला ही उधळपट्टी कोऱ्या पट्ट्यापेक्षाही जास्त खटकते, पण ती सीडीच्या रचनेतच आहे.

कोरा पट्टा मात्र टाळता आला असता. चाळीस मिनिटे म्हणजे साधारण एका एलपीच्या (जास्त वेळ चालणाऱ्या, नंतरच्या काळातील तबकडीच्या) दोन्ही बाजू. अनेक सीडी एलपीवरूनच जशाच्या तशा काढल्या गेल्या. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे, म्हणजे उरलेल्या ३४ मिनिटांत आणखी नऊ-दहा पदे सहज बसली असती.