दोन लॅबच्या फाइली जोडल्यावर दिसणारा ‘वेगळा वंश’

तुमचा आलेख पाहिला आणि पोटात गोळाच आला. जुन्या कळपातल्या गाईंचे डीएनए नमुने एका लॅबमधले, नव्याचे दुसरीकडचे. फाइली जोडल्या, पीसीए (डीएनएतले असंख्य फरक मोजक्या अक्षांवर मांडणारा आलेख) काढला आणि पहिल्याच अक्षावर दोन पुंजके एकमेकांपासून लांब. नव्या गाईंत वेगळा वंश आहे असं लिहू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून इतक्यात लिहू नका. मी लिहिलं होतं, आणि ते निस्तरण्यात माझे आठ महिने गेले.

तुमच्याकडे कळप आणि लॅब एकच होऊन बसलेत, त्यामुळे नुसतं आलेखाकडे बघून फरक गाईंचा की लॅबचा हे कळणारच नाही. माझंही तसंच होतं. डीएनएचे दोन धागे. ए समोर टी, सी समोर जी. एका लॅबने एका धाग्यावरून वाचलं, दुसरीने दुसऱ्या. मार्कर म्हणजे डीएनएतली अशी जागा जिथे काही गाईंत एक अक्षर असतं, काहींत दुसरं. ए/जी मार्कर दुसरीकडे टी/सी दिसतो, तेव्हा जोडताना प्रोग्राम ओरडतो आणि आपण तो उलटवून घेतो. तेवढं मी केलं आणि निर्धास्त झाले. पण ए/टी आणि सी/जी मार्कर कुठल्याही धाग्यावरून तसेच दिसतात. ते गुपचूप उलटे जोडले जातात. एका कळपात ९० टक्के असलेला ए दुसऱ्यात १० टक्के दिसायला लागतो. माझ्याकडे असे मार्कर एकूण संख्येच्या मानाने थोडेच होते, पण पहिला अक्ष त्यांनीच ओढून नेला होता.

कोणता धागा वापरलात, एवढंच मी लॅबला विचारत होते. तीन मेलना एकच उत्तर: डेटा गुणवत्ता तपासून दिलेला आहे. फोनवर तर ‘हे ग्राहकाने विचारायचं नसतं’ असंही ऐकलं. एका ओळीची माहिती होती हो! अजून राग येतो. नमुने पाठवण्याआधीच ही माहिती लेखी मागून घ्या.

शेवटी उत्तर एका साध्या आलेखातून सापडलं. प्रत्येक मार्करचं एकाच अक्षराचं प्रमाण घ्या, आडव्या अक्षावर जुना कळप, उभ्यावर नवा. बरोबर जोडलेले ठिपके एका तिरप्या पट्ट्यात पडतात. माझ्याकडे दुसरी, उलटी तिरपी रेघही उमटली होती, कागदावर फुली मारावी तशी. तुमच्याकडे ती दिसली तर ए/टी आणि सी/जी सगळे काढून टाका आणि पीसीए पुन्हा करा. प्रमाणावरून धागा ओळखून ते वाचवता येतात असं काही जण सांगतील, पण ५० टक्क्यांच्या आसपास तो अंदाज फसतो. मी वाचवत नाही. (माझा अनुभव चिपच्या, म्हणजे ठरावीक मार्करच वाचलेल्या, डेटाचा आहे. पूर्ण जनुकसंच वाचला असेल तर संदर्भ जनुकसंचाशी जुळवून घेता येतं.) शक्य असेल तर जुन्या कळपातल्या पाच-सहा गाई दुसऱ्या लॅबमधूनही तपासून घ्या, त्यासारखा पुरावा नाही.

आता तुमचं दुसरं वाक्य: दोन्ही कळपांत बिनशिंगी गाई, म्हणून पूर्वज एक. हे मला अजिबात पटत नाही. शिंगं न येण्यामागचे सेल्टिक आणि फ्रिजियन हे डीएनएतले बदल दोन्ही पहिल्याच गुणसूत्रावर आहेत, पण वेगवेगळे आणि स्वतंत्रपणे झालेले. माणसातही मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता युरोपात एका बदलाने आली, पूर्व आफ्रिकेत दुसऱ्याच. आणि बदल तोच निघाला तरी तो एक तुकडाच कुठून तरी आलेला असू शकतो. तिबेटी लोकांतला ईपीएएस१ चा (उंचावरच्या विरळ हवेत तग धरायला मदत करणाऱ्या जनुकाचा) प्रकार डेनिसोवन या नामशेष मानवांकडून आला, तिथल्या मॅस्टिफ कुत्र्यांतला लांडग्यांकडून. म्हणून बदलाच्या शेजारचे मार्कर बघा. दर पिढीत गुणसूत्रांच्या जोडीतल्या अदलाबदलीने तुकडे तुटत जातात. लांब तुकडा जसाच्या तसा जुळला तरच जवळच्या पूर्वजाबद्दल बोला.

जाता जाता: प्लिंकला (हा डेटा हाताळणाऱ्या प्रोग्रामला) गाय असल्याचं सांगितलंत ना? नाहीतर ते माणूस धरून चालतं आणि २३ नंबरच्या गुणसूत्राला एक्स हे लिंगगुणसूत्र समजतं. गाईत लिंगगुणसूत्रं सोडून २९ जोड्या असतात, २३ वी त्यांतलीच एक.