रास्पबेरी पायच्या सिंथमधून सतत बारीक चीं ऐकू येते, काय करू?

तुम्ही लिहिलंय की पाय ४ (छोटा, एका बोर्डाचा संगणक) वर फ्लूइडसिंथ हे सूर वाजवणारं सॉफ्टवेअर आहे, वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून घेतलीय, आवाज हेडफोन जॅकमधून मिक्सरला जातो आणि की दाबली नाही तरी चीं चालूच असते. सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी पाय पॉवर बँकेवर चालवून बघा, आणि लॅपटॉपची यूएसबी पूर्ण काढा. चीं गेली तर तो ग्राउंड लूप: लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर दोघेही अर्थला जोडलेले, त्यात ऑडिओ केबलच्या जाळीतून करंट फिरतो. मग पायला वेगळा, चांगला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर द्या. तरीही थोडी राहिली तर ऑडिओ लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, तो आवाज पुढे जाऊ देतो पण तारांचा थेट जोड तोडतो. मिक्सरच्या प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका, जिवावर बेतेल.

पॉवर बँकेवरही आवाज तसाच? मग जॅकच तपासा. पाय ४ च्या जॅकमागे खरा डॅक (डिजिटल आकड्यांचा अॅनालॉग आवाज करणारी चिप) नसतोच, पीडब्ल्यूएमचे, म्हणजे कमी-जास्त रुंदीचे, स्पंद फिल्टर करून काम भागवलंय. शांत जागी ती खरखर ऐकू येणारच. पीसीएम५१०२ चिपचा, आय२एस (डिजिटल ऑडिओची जोडणी) वर चालणारा डॅक बोर्ड लावा, स्वस्तात मिळतो आणि फरक पहिल्याच सुरात कळतो. तारा छोट्या ठेवा.

आणि हो, एकदम पाच-सहा सूर धरल्यावरच तडतड होत असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवायची छोटी जागा, रिकामा पडतोय. ६४ फ्रेम्सचा २५६ करा. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार फ्रेम्स) एका बफरचा वेळ जेमतेम ५ मिलिसेकंद होतो, बोटांना जाणवत नाही.