एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा एमव्हीपी (सर्वात मौल्यवान खेळाडू) कोण ठरवतं: खेळाडू, कोच की पत्रकार?

पत्रकारच. ज्याला सगळे 'एमव्हीपी' म्हणतात तो पुरस्कार असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था देते आणि लीगचं नियमित वार्तांकन करणारे ५० जण मत देतात. प्रत्येकाने पहिली पाच नावं क्रमाने लिहायची. गुण १०, ५, ३, २, १. सर्वोत्तम कोचसाठीही पाच नावं, बाकी पुरस्कारांसाठी मात्र तीनच.

मतं साखळी सामने संपल्यावर, प्लेऑफआधी (बाद फेरीआधी) घेतली जातात. त्यामुळे सुपर बोलमधल्या, म्हणजे अंतिम सामन्यातल्या कामगिरीचा इथे काडीचाही संबंध नसतो, आणि वाद घालणारे नेमकं हेच विसरतात.

'मौल्यवान' म्हणजे काय, याची व्याख्याच दिलेली नाही. खरी गोम तिथेच आहे. २०२४च्या हंगामात रेव्हन्स संघाच्या लमार जॅक्सनचे ४१ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) आणि फक्त ४ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास); बिल्स संघाच्या जॉश अ‍ॅलनचे २८ आणि ६. तरी एमव्हीपी अ‍ॅलन, ३८३ विरुद्ध ३६२ गुणांनी. गंमत म्हणजे त्याच पॅनेलने ऑल-प्रो संघात (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात) पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू म्हणून जॅक्सनलाच निवडलं!

फक्त एक लक्षात घ्या: पॅनेलमध्ये सगळेच लेखणीवाले नसतात, समालोचक झालेले माजी खेळाडूही असतात.