आमचा कुकर शिट्टी देत नाही

मागच्या महिन्यात मी सहज लिहिलं होतं की इलेक्ट्रिक कुकरबद्दल काय अडत असेल ते विचारा, तर एवढी पत्रं आली की निम्मी पुढच्या खेपेला ठेवावी लागली. जे नुकतेच इंग्लंडात आलेत त्यांच्यासाठी आधीच सांगते, इथे कुकर म्हणजे डाळ-भाताचा नाही. वर चार शेगड्या (त्या भागाला हॉब म्हणतात), मध्ये ग्रिल, खाली ओव्हन असं कमरेएवढं उभं, ओट्याच्या फटीत सरकवलेलं अख्खं प्रकरण म्हणजे कुकर. माझी आई पुण्याहून पहिल्यांदा आली तेव्हा मी फोनवर घरमालकाला सांगत होते की कुकर बिघडलाय, तर ही बाई आत गेली आणि बॅगेतून दोन नवी गॅस्केटं घेऊन आली. "मला वाटलंच होतं इथे मिळत नसणार."

ताई, स्लावला भाड्याच्या फ्लॅटमध्ये कालच शिफ्ट झालो. शेगड्या चालतात पण ओव्हन अजिबात गरम होत नाहीये, आतला दिवा मात्र लागतो. एजंट म्हणतो माणूस पाठवायला आठवडा लागेल.

समोरच्या घड्याळात शून्य-शून्य लुकलुकतंय का ते बघा आधी. टायमर असलेल्या बऱ्याच कुकरना वेळ लावून दिल्याशिवाय ओव्हन सुरूच होत नाही, आणि लाइट जाऊन आली किंवा कोणी भिंतीवरचा मोठा स्विच बंद केला की घड्याळ पुसलं जातं. वेळ सेट करा. ऑटो असं काही दिसत असेल तर मॅन्युअलवर आणा, साधारण हाताचं चित्र असलेलं बटण असतं. दहातल्या सात वेळा एवढंच निघतं, असा आपला माझा अनुभव. आणि कुकरचं माहितीपुस्तक नसेल तर दाराच्या आतल्या कडेला मॉडेल नंबरची पट्टी असते, तो नंबर इंटरनेटवर टाकला की पुस्तक मिळतं.

संक्रांतीला तिळगुळाचा पाक उतू गेला आणि काचेच्या हॉबवर सांडला. गार झाल्यावर पुसू म्हटलं, तर आता दगड झालाय आणि एका कडेला काचेचा टवकाच उडालाय. घासणीने घासू का? (मिल्टन कीन्स)

अरेरे. बाकी बहुतेक काहीही सांडलं तर गार होऊ द्यायचं हे बरोबर आहे, पण साखर आणि गूळ याला अपवाद. पाक गरम काचेला चिकटतो, आणि गार होताना आकसतो तेव्हा काचेचा पापुद्रा सोबत ओढून नेतो. म्हणून पाक सांडला की लगेच शेगडी बंद, भांडं बाजूला, हातात ओव्हनचा जाड हातमोजा घालायचा आणि ब्लेडची पट्टी असलेला हॉब स्क्रेपर आडवा धरून पाक गार भागाकडे ओढून घ्यायचा. काच तेव्हा भयंकर तापलेली असते तर मुलांना आधी स्वयंपाकघराबाहेर काढा. बासुंदी, साखरभात, मुरांबा, पुरण शिजवताना सांडलेलं गुळाचं पाणी, सगळ्याला हेच लागू.

तुमचं आत्ता जे राहिलंय त्याला घासणी नको, तारेची तर नकोच. गार हॉबवर स्क्रेपर तिरका धरून हळूहळू काढा, मग हॉब क्रीम आणि मऊ फडकं. उडालेला टवका भरून येत नाही. फक्त वरवरचा खड्डा असेल आणि तिथून कुठेही रेघ निघत नसेल तर घरमालकाला फोटो पाठवून त्याच्याकडून विचारून घ्या. पण केसाएवढा जरी तडा गेलेला दिसला तरी भिंतीवरचा स्विच बंद करा आणि हॉब वापरू नका, कारण खाली करंट असलेलं एलिमेंट (तापणारी तार) आहे आणि वरून उतू गेलेलं दूध त्या फटीतून थेट त्यावर जातं.

जाता जाता. मीठ आणि साखरेचे कण काचेवर असताना भांडं सरकवू नका, उचलून ठेवा. ॲल्युमिनियमचं पातेलं ओढलं की चंदेरी रेघा उमटतात, तो ओरखडा नसतो, धातू घासून बसलेला असतो आणि क्रीमने बऱ्यापैकी जातो. आणि हॉबच्या बरोबर वर मसाल्याच्या बरण्यांची फळी कृपा करून ठेवू नका. लोणच्याची बरणी वरून पडली की काच गेलीच समजा, माझ्या मैत्रिणीकडे झालंय, लोणचं वाचलं नाही आणि हॉबही नाही.

एकाकडून जुना कुकर स्वस्तात घेतला. त्याला नुसती वायर आहे, प्लगच नाही. सासरे म्हणतात की प्लग लावून साध्या सॉकेटमध्ये घाल, गावाकडे आपण गिझर तसाच लावतो. चालेल का?

नाही चालणार, आणि सासऱ्यांना हिशोब करून दाखवा, ऐकतील. इथला साधा प्लग 13 ॲम्पिअरचा, 230 व्होल्टला तो जेमतेम 3 किलोवॉट देतो. तुमच्या कुकरच्या पट्टीवर बघा, चार शेगड्या, ग्रिल, ओव्हन मिळून 10 किलोवॉटच्या आसपास आकडा असेल. सगळं एकदम लावलं तर 43 ॲम्पिअर. प्लगमध्ये घातलात तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडेल, आणि फ्यूज उडेपर्यंत प्लग नि सॉकेट किती तापलेलं असेल ते विचारू नका. एक्स्टेन्शन बोर्डाचं तर नावच काढू नका.

म्हणून कुकरला फ्यूज बॉक्सपासून स्वतःची वेगळी लाइन असते, बहुतेक घरात 6 चौरस मिलिमीटरची जाड केबल आणि 32 ॲम्पिअरचा ब्रेकर. आता हुशार सासरे विचारतील की 43 ला 32 कसा पुरतो. तर इलेक्ट्रिशियन लोकांचा ठोकताळा असा की पहिले 10 ॲम्पिअर पूर्ण धरायचे, उरलेल्या 33 चे 30 टक्के म्हणजे 10, आणि कुकरच्या स्विचपाशी सॉकेट असेल तर आणखी 5, झाले 25. कारण शेगड्या आपोआप चालू-बंद होत राहतात, सगळ्या सतत पूर्ण ताकदीने ओढत नाहीत. (आमच्याकडे दिवाळीच्या फराळाच्या दिवशी त्या जवळजवळ ओढतात, ते सोडा.)

ओट्याच्या वर, बहुतेक लाल रंगाचा मोठा स्विच असेल तर लाइन आहे असं समजा, फक्त जोडणी रजिस्टर्ड इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, एनआयसीईआयसी किंवा नॅपिट या संस्थांकडे नोंदलेला बघा. लाइनच नसेल तर नवीन सर्किट टाकणं हे इंग्लंडात नियमाने कळवावं लागणारं काम आहे, चुलतभावाच्या मित्राने रविवारी येऊन करायचं नाही. जुना कुकर आहे म्हणून मागचं कव्हर काढून त्याला स्क्रू तपासायला सांगा. ढिल्या स्क्रूपाशी वायर तापते, आणि स्विचजवळ जळक्या प्लास्टिकचा, थोडा मासळीसारखा वास आला किंवा पिवळट-तपकिरी डाग दिसला तर ती तीच भानगड, तेव्हा ब्रेकरवरून बंद करा.

ग्लासगोहून लिहितेय. फोडणी घातली की अलार्म. जिरं तडतडायच्या आत अलार्म. मी त्याची बॅटरी काढून ठेवलीये, नवरा ओरडतो.

नवऱ्याचं बरोबर आहे, एकदा तरी त्याला म्हणू द्या. तुमच्याकडे स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून नियमच आहे की हॉलमध्ये आणि जिन्यापाशी स्मोक अलार्म पण स्वयंपाकघरात हीट अलार्म हवा, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. हीट अलार्म धूर बघत नाही, उष्णता बघतो, त्यामुळे मोहरीला घाबरत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात चुकून स्मोक अलार्म बसवला असेल तर तो बदलून मागा. पॅसेजमधला वाजत असेल तर दार लावून, खिडकी उघडून, एक्स्ट्रॅक्टर (शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा) आधी लावून मग फोडणी, आणि एक्स्ट्रॅक्टरची जाळी महिन्या-दोन महिन्यांनी गरम साबणाच्या पाण्यात टाका, नाहीतर तिथेच तेलाचा थर साठतो आणि एखाद दिवशी तोच पेटतो.

आता खरी गोष्ट. गॅसवर तेल धुरावलं की आपण नॉब फिरवतो, आच गेली, संपलं. इथे नॉब बंद केला तरी शेगडी कितीतरी वेळ तापलेली राहते आणि कढईतलं तेल तापतच राहतं. म्हणून भांडं आचेवरून हलवायची सवय हवी, पण तेल नुसतं धुरावलेलं असेल तरच. एकदा पेटलं की कढई हलवायची नाही, आणि पाणी तर कधीच नाही. जळत्या तेलात पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. हात सुरक्षित पोचत असेल तर भिंतीवरचा स्विच बंद, दार ओढून बाहेर, आणि अग्निशमन दलासाठी 999 ला फोन. तळणाला भांडं एक तृतीयांशच भरा, आणि वरचेवर वडे-पुऱ्या होत असतील तर थर्मोस्टॅटवाला वेगळा फ्रायर घ्या. मी घेतलाय. चकली त्यात बेतानेच होते पण जीव शांत असतो.

दोन महिने भारतात जाऊन आलो, ओव्हन लावला की अख्ख्या घराची लाइट जाते. शेगड्या ठीक. (लेस्टर)

एलिमेंट ही एक नळी असते, आत तार आणि भोवती पांढरी पावडर भरलेली. ती पावडर बरेच दिवस वापर नसला की ओल शोषून घेते, मग करंट अर्थला गळतो आणि आरसीडी (गळती झाली की लाइन तोडणारा फ्यूज बॉक्समधला स्विच) पडतो, तो 30 मिलिॲम्पिअरच्या गळतीलाच पडतो. कधी नळीला बारीक तडा गेलेला असतो, तेव्हा एलिमेंटच बदलावं लागतं. पुन्हा पुन्हा आरसीडी वर करून ओव्हन लावत बसू नका, हा माझ्याकडे येणारा सगळ्यात कॉमन वेडेपणा आहे. तो पडतोय कारण त्याचं काम करतोय.

भाड्याचं घर असेल तर लेखी कळवा, फोनवर नाही. इंग्लंडात घरमालकाला दर पाच वर्षांनी वायरिंग तपासून घ्यावंच लागतं, 2020 चा नियम आहे, आणि तुम्ही राहायला येण्याआधी त्या रिपोर्टची कॉपी द्यावी लागते. नसेल मिळाली तर त्याच ईमेलमध्ये मागून घ्या.

वांग्याचं भरीत आणि फुलके, ताई. गॅस नाही, आचेची चव नाही, जगायचं कसं?

वांग्याला सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा (विसरलात तर ते आत फुटतं आणि तासभर ओव्हन घासत बसाल), तेलाचा हात लावा आणि ग्रिलखाली वीस-पंचवीस मिनिटं, मधे फिरवत. साल काळी व्हायला हवी. धुराची चव हवी तर शेवटी कोळशाचा धूर द्या, पण घरात नाही, अंगणात. फुलका तव्यावरच फडक्याने दाबून फुगवा, बूड सपाट असलेला तवा घ्या कारण खोलगट तवा काचेला फक्त मध्यावर टेकतो आणि कडा कच्च्या राहतात. ग्रिल लावताना दार उघडं की बंद हे तुमच्या पुस्तकात बघा, मॉडेलप्रमाणे बदलतं आणि चुकलं तर नॉब वितळतात.

ओव्हनच्या तळाला फॉइल घातली की साफ करावं लागत नाही, बरोबर ना? आणि दीड वर्षाचा मुलगा सारखा ओव्हनचं दार उघडतो.

फॉइल नको. खूप ओव्हनमध्ये खालचं एलिमेंट तळाच्या पत्र्याखाली असतं, फॉइलने उष्णता तिथेच कोंडते आणि इनॅमल खराब होतं. त्यापेक्षा ट्रे खालच्या रॅकवर ठेवा. दाराची काच धातूच्या स्क्रेपरने घासू नका, हॉबचा नियम इथे लावायचा नाही, ओरखडा पडला की तिथून काच एखाद्या दिवशी तापल्यावर फुटू शकते. बाजूच्या भिंती खरखरीत असतील तर त्यांना ओव्हन क्लीनर लावायचा नाही, त्या गरम झाल्या की तेल आपोआप जाळतात, क्लीनर मारलात तर त्यांचं ते काम संपलं.

मुलाचं मात्र आजच बघा. उघडलेल्या दारावर पोर चढलं की अख्खा कुकर पुढे कलंडतो, वर उकळता वरण-भात असताना. कुकर भिंतीला धरून ठेवणारी साखळी किंवा कंस असतो, जुना घेतला किंवा शिफ्ट झालात की तो हमखास मागे सुटा लोंबत असतो. कुकर पूर्ण गार असताना दोघांनी मिळून थोडा पुढे ओढा आणि हुक अडकलाय का बघा, नसेल तर अडकवून घ्या. भांड्यांचे दांडे आत वळवून ठेवा, दाराच्या हँडलला नॅपकिन लटकवू नका (मुलगा ओढतो आणि नॅपकिन पेटतोही), आणि खालच्या खणात प्लास्टिकचे डबे ठेवले असतील तर काढा, ओव्हन चालू असताना तो खण चांगलाच तापतो, माझे दोन टपरवेअर तिथेच गेले.